उशीवरून दिसणारा ईस्टर

१२ मार्च, गुरुवार

आज मी कामाच्या वेळेत झोपले. वॉर्डातल्या रिकाम्या पलंगावर, चपला काढून, उताणी. मोठ्या सिस्टर नेमक्या तेव्हाच आल्या. बरं नाही का, म्हणाल्या. मी म्हटलं, बघतेय. काय बघतेयस? — छत.

छतच दिसतं! पंखा, ओलीचा एक डाग आणि पलंगावरचा लोखंडी दांडा, ज्यावरून मोडलेला पाय ताणून धरणाऱ्या दोऱ्या जातात आणि टोकाला वजनं लटकतात. मान वळवली तर शेजारच्याची गादी. भिंत दिसतच नाही. आणि मी, हाडांच्या वॉर्डातल्या मुलांची शिक्षिका, आमच्या घरातली पहिली पदवीधर, रुजू झाल्यापासून भिंतीवर तक्ते चिकटवत बसलेय! पोरं रोज 'हो ताई' म्हणत होती. बिचारी माझं मन राखत होती.

उघड केलं ते चिमणीने. गेल्या वर्षी डावी मांडी मोडली, यंदा उजवी. झाडावर चढते. चिमणीच ती, पण आपल्याला पंख नाहीत हे मान्य करत नाही. मी मोठ्या उत्साहाने सांगत होते की ईस्टरला दवाखान्याची समिती भिंती सजवणार आहे, फुलं येणार, झिरमिळ्या येणार. ती शांतपणे म्हणाली, "हो, गेल्या वर्षीपण आल्या होत्या. मी नंतर फोटोत बघितल्या."

घरी निघताना ऑफिसबाहेर लावलेला तो फोटो पाहिला. भिंतभर कागदी फुलं, मध्ये समितीच्या सचिवबाई हसतायत, कोपऱ्यात प्लास्टरमधून बाहेर आलेला एक अंगठा. तो चिमणीचा.

यंदा तिला ईस्टर दिसला पाहिजे. डोळ्यांनी. बस्स.

१३ मार्च, शुक्रवार

सचिवबाईंना भेटले. दवाखाना समितीच्या देणग्यांवर चालतो आणि समिती सचिवबाईंवर. माझी नेमणूकही दर दोन महिन्यांनी त्यांच्याच सहीने वाढते. म्हणून नीट, अदबीने विचारलं, मुलांच्या हातून काही करून घ्यायचंय, थोडे पैसे मिळतील का?

सजावटीचे पैसे सजावटवाल्याला गेले, म्हणाल्या. आणि मुलांसाठी वेगळं कशाला? सगळं मुलांसाठीच तर चाललंय!

प्रेमाने म्हणाल्या. त्याचाच जास्त राग आला. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

जाताना खडूंचा एक डबा हातात ठेवला. खडूने छतावर काय काढू?

१४ मार्च, शनिवार

अंडी! ईस्टरची रंगीत अंडी, पण प्लास्टरची!

प्लास्टरखोलीत प्लास्टर लावलेल्या बँडेजच्या पट्ट्यांची टोकं उरतात. हातभरही नसतात, हाडाला चालत नाहीत. प्लास्टरमामा ती टाकून देतात. मी मागितली तर संशयाने बघत म्हणाले, कुणाला गुंडाळणार आहेस? सांगितलं. मग डबाभर काढून दिली, वर म्हणाले, समितीतल्या कुणाला गुंडाळायचं असेल तर आणखी देतो.

फुगे मी माझ्या पैशांनी आणले. फुगा फुगवायचा, वर ओल्या पट्ट्या, सुकलं की फुगा फोडायचा, उरलं अंडं. भिंतीवर नाही, प्रत्येकाच्या डोक्यावरच्या दांड्याला. अगदी समोर. डोळे उघडले की ईस्टर.

१५ मार्च, रविवार

बाबांकडे रंग मागितले. बाबा घरं रंगवतात. आमच्या घरात उरलेल्या रंगांचे डबे भांड्यांपेक्षा जास्त, पण सगळे पांढरट, बदामी, राखाडी. लोकांना भिंतीला रंग हवा असतो, पण तो दिसायला नको असतो, असं बाबा म्हणतात. शिवाय तेलरंग वॉर्डात चालणार नाहीत, वास येतो.

मग त्यांनी पलंगाखालून त्या छोट्या बाटल्या काढल्या, ज्यातले काही थेंब पांढऱ्या रंगात टाकले की साहेबांची भिंत बदामी होते. पिवळी, लाल, निळी. तळाला जेमतेम रंग उरलेला. पाण्यात मिसळतो, वास नाही.

माझ्याकडे दिल्या नाहीत लगेच. हातात धरून बसले. "तुझ्या नखात रंग जाऊ नये म्हणून शिकवलं तुला."

मी म्हटलं, आता नखात रंग घालायला पदवी लागते, बाबा. आई हसली. बाबा नाही हसले. पण बाटल्या दिल्या.

१७ मार्च, मंगळवार

पहिली अंडी. छातीवर रबरी कापड, कापडावर वाडगा, वाडग्यात पट्ट्या. आणि ही पोरं म्हणजे! मला वाटलं होतं, मी शिकवीन. मी तोंड उघडायच्या आत पैलवानाने पट्टी पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत थांबला, दोन्ही टोकांकडून हलकेच दाबली. मामा असंच करतात म्हणे. पैलवान म्हणजे दहा वर्षांचा काडीसारखा मुलगा. नाव त्याने स्वतःच ठेवलंय.

"ताई, आता गरम होईल बघा," चिमणी म्हणाली. मी अंड्याला हात लावला. खरंच गरम. मला माहीतच नव्हतं की प्लास्टर सुकताना तापतं. या सगळ्यांना माहीत आहे. यांनी ते आतून पाहिलंय.

मग अंड्याला खाज सुटेल यावर चर्चा. त्याला खाजवायला विणायची सुई द्यावी, पण सिस्टरांना सांगू नये. पैलवानाने अंड्याला धीर दिला: पहिले तीन दिवस वाईट, मग सवय होते.

एक फुगा मधेच फुटला आणि अंडं एका बाजूने बसलं. मी टाकायला निघाले तर ओरडा झाला. इथे मोडलेलं टाकत नाहीत म्हणे.

१९ मार्च, गुरुवार

नखं पांढरी. बसमध्ये एकीने विचारलं, बेकरीत काम करतेस का? हो म्हटलं.

२३ मार्च, सोमवार

रंग पुरत नाही. दोनच अंडी रंगवली आणि उरलेल्या पिवळ्यातला अर्धा संपला. रडकुंडीला आले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, पूर्ण रंगवतेस कशाला? जी बाजू दिसते तीच रंगवायची. कपाटामागची भिंत कोणी रंगवतं का?

दिसते ती बाजू! म्हणजे खालची. उशीवरून वर बघितलं की जी दिसते ती. बाकी पांढरं राहू दे. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. त्यांनी मात्र विचारलं, आज जेवलीस का?

ठरलं. प्रत्येकाने शेजारच्यासाठी रंगवायचं, आणि टांगेपर्यंत त्याला दाखवायचं नाही. चिमणीचं अंडं पैलवानाकडे गेलंय. ती भलतीच काळजीत आहे. याला फक्त मिशा काढता येतात म्हणाली.

२६ मार्च, गुरुवार

मोठ्या सिस्टरांनी अडवलं. "दांड्याला हात लावायचा नाही." दोरी हलली तर वजन हलतं, वजन हललं तर हाड हलतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिथे काही बांधायचं नाही आणि तिथलं काही सोडायचं नाही. हा नियम त्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावतात. मला म्हणाल्या, तू पदवीधर आहेस, तुला एकदा सांगून कळायला हवं.

कळलं. पण मी डॉक्टरांकडे गेले. दारात उभी राहिले, आणि मला वाटतं, त्यांनी मला घालवायलाच हो म्हटलं. मग स्वतः आले, प्रत्येक पलंगाशी वाकून दाखवलं: इथे, डोक्याच्या बाजूला, दोऱ्यांपासून लांब. मोठ्या सिस्टर मागे उभ्या. चेहरा इस्त्री केलेला.

२७ मार्च, शुक्रवार

टांगली!

सगळे वर बघतायत. चिमणीच्या अंड्याच्या बुडाला पिवळाधमक सूर्य, आणि सूर्याला मिशा. ती हसली तर पलंगाची वजनं हलायला लागली. सिस्टर धावल्या.

१ एप्रिल, बुधवार

सचिवबाई आल्या, सजावटवाल्यासोबत भिंती मोजायला. वॉर्डाच्या मधोमध थांबल्या. उभ्या माणसाला ती अंडी छातीपाशी येतात, नुसती पांढरी, ओबडधोबड. पैलवानाचं तर एका बाजूने बसलेलं.

"हे काय? रंगवायचं राहिलं का?"

मी म्हटलं, रंगवलीत. खालून. झोपून बघा, बाई.

मला खरंच वाटलं होतं त्या वाकून बघतील. आमंत्रण होतं ते, टोमणा नव्हता. पण सजावटवाला हसला, आणि मग तो टोमणाच झाला.

फोटोत कशी दिसतील ही, म्हणाल्या. देणगीदार बघतात फोटो. शनिवारपर्यंत काढून घे. मी म्हटलं, नाही. मुलांनी एकमेकांसाठी केलीत, मी काढणार नाही.

"मग काढणारा पाठवते. आणि तुझी मुदत एप्रिलअखेर संपतेय, हे लक्षात आहे ना?"

लक्षात आहे. बाबांना सांगितलेलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

घाबरलेय का? हो. काढणार का? नाही.

४ एप्रिल, शनिवार

हे सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवते, नाहीतर मलाच उद्या खोटं वाटेल.

दुपारी वायरमन आला, शिडी आणि कात्री घेऊन. भला माणूस, मान खाली. माझा काही दोष नाही ताई, म्हणाला. मी पैलवानाच्या पलंगापुढे उभी राहिले. काय करणार होते देवाला माहीत. कात्री हिसकावणार होते?

मागून पैलवानाचा आवाज आला. "काका, डॉक्टरांनी सांगितलंय का?"

वायरमन म्हणाला, सचिवबाईंनी सांगितलंय.

"त्या डॉक्टर आहेत का?"

मग पलीकडून चिमणी, पाठ केलेल्या कवितेसारखी: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दांड्याला काही बांधायचं नाही, आणि दांड्याचं काही सोडायचं नाही. मग सगळा वॉर्ड तेच म्हणायला लागला. उताणे, पाय वर, एका सुरात. वायरमनने कात्री खिशात घातली.

मोठ्या सिस्टर आल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी शिडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे. डॉक्टरांना विचारावं लागेल," म्हणाल्या. डॉक्टर सुट्टीवर आहेत. ईस्टर झाला की येतील.

हे बोलताना चेहरा तसाच, इस्त्री केलेला. जाता जाता चिमणीची चादर नीट केली आणि क्षणभर जास्तच वाकल्या. उशीपर्यंत. वर बघितलं. मिशा बघून त्यांच्या नाकातून जो आवाज आला, तो मी कुणाला सांगणार नाही.

५ एप्रिल, ईस्टर

भिंतींवर फुलं, झिरमिळ्या, सगळं. सुंदरच होतं, खोटं कशाला बोलू. फोटोवाल्याने सचिवबाईंना भिंतीपाशी उभं केलं. पांढरी अंडी मधे येत होती. त्याने पलंगाच्या या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, शेवटी वैतागून चिमणीला म्हणाला, तुझं हे जरा बाजूला करू का?

ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारा."

मी खिडकीकडे तोंड करून हसले. सचिवबाईंनी ते पाहिलं. पाहू देत.

मग चिमणीने मला जवळ बोलावून कानात सांगितलं की यंदा तिला फोटो नकोय. तिला सगळं दिसतंय.

१७ एप्रिल, शुक्रवार

पत्र आलं. मुदत वाढणार नाही. कारण दिलेलं नाही, द्यावं लागत नाही. बाबांना शेवटी सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. बराच वेळ ब्रश धूत बसले. मग म्हणाले, "अंडी काढली का त्यांनी?" नाही. "मग ठीक आहे."

दुसरी शाळा शोधेन. दुसरा वॉर्ड शोधेन. पण माफी मागायला त्या ऑफिसात जाणार नाही. मी काय चुकीचं केलं? उलट रोज जाऊन प्रत्येक अंड्याची गाठ तपासतेय. मी गेल्यावरही राहिली पाहिजेत.

२९ एप्रिल, बुधवार

आज चिमणीला उभं केलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मोठ्या सिस्टर. पाय थरथरत होते, पण उभी राहिली. अंडं बरोबर नाकासमोर. बराच वेळ बघितलं तिने. नुसतं पांढरं.

"ताई, इथून तर काहीच दिसत नाही."

आणि मग, घाईने, सिस्टरांना: "हे सोडा ना. काल रात्री जी नवी मुलगी आलीय, तिच्या दांड्याला बांधा. डॉक्टरांना मी विचारलंय."