लाल दिवा

१४ मार्च, गुरुवार

ती. दादास,
मोठ्या भावाला पत्रात आधी नमस्कार लिहायचा असतो, म्हणून लिहिते. सर्दी सोडली तर मी ठीक आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने कमी चढ.

तुझं पत्र मिळालं. पुढच्या सिनेमासाठी स्वस्तातला कोणता कॅमेरा घ्यावा, असं विचारलंयस. इतक्या महिन्यांनी पत्र लिहिलंस ते कॅमेऱ्यासाठी, यात नवल नाही. पण विचारलंयस तर सांगते, कारण मी नाही सांगितलं तर तू दुकानात जाऊन चकचकीत काहीतरी उचलशील आणि मग वर्षभर बिस्किटांवर राहशील.

नवा कोरा घेऊ नकोस. दोन पिढ्या जुना, वापरलेला घे. लग्नाचे फोटो काढणारे दर सीझनला बदलतात, त्यांच्याकडून स्वस्तात मिळतो. घेण्याआधी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ आणि मोठा करून बघ, आतली धूळ लगेच दिसते. मग तिथेच अर्धा तास व्हिडिओ चालू ठेव. तापून बंद पडला तर परत दे. विकणारा चहा पाजेल, घाई करेल, तू हलू नकोस. तुला भीड फार, पाच मिनिटांत "छान आहे" म्हणून मोकळा होतोस.

जे पैसे वाचतील ते लेन्समध्ये घाल. आपली ती हाताने फिरवायची जुनी लेन्स अजून चांगली आहे, फक्त रिंग कडक झालीय. दिव्यांवर खर्च नको. खिडकी, पांढरी चादर आणि थर्माकोलचा पत्रा पुरे. ट्रायपॉडवर मात्र कंजूषपणा करू नकोस. मागचा डुगडुगत होता आणि आपण त्याच्या पायाखाली कापडाच्या चिंध्या कोंबत होतो, आठवतं? आई म्हणाली होती, चिंध्यांनासुद्धा सिनेमात काम मिळालं.

आणि हेडफोनची जागा असलेलाच कॅमेरा घे. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक म्हणजे डब्यात बसून बोलणारा माणूस. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवरच घ्यायचा. पुढच्या वेळी तो घ्यायला कोण असेल, ते मला माहीत नाही.

आता तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट. महोत्सववाल्यांना आपला आईवरचा सिनेमा आवडला, पण शेवटच्या प्रसंगाचा आवाज खराब आहे, तेवढा सुधारून द्या म्हणाले. म्हणून "त्या दुपारचा तुझ्याकडचा स्वच्छ आवाज पाठव, तू घेतलाच असशील" असं तू लिहिलंयस. आधी कॅमेऱ्याचे चार परिच्छेद आणि खाली हे, जाता जाता विचारल्यासारखं. दादा, मला वाचता येतं रे.

घेतला होता. प्रत्येक प्रसंगानंतर मी रिकाम्या खोलीचा नुसता आवाज घ्यायचे, पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ, म्हणजे पुढे जोडकाम करताना मध्येच कान बंद झाल्यासारखं होत नाही. तुला ठाऊक आहे. त्या दुपारी तू म्हणालास बॅटरी संपली, दुसरी घेऊन येतो, कॅमेरा बंद केलाय. ट्रायपॉडवर तसाच सोडून गेलास. चालू असताना लागणारा त्याचा लाल दिवा विझलेला होता. मी हेडफोन लावून आईला म्हटलं, जरा गप्प बस, खोली ऐकू दे.

आईची अट तू विसरला असशील, म्हणून सांगते. तिचं शिवणकामाचं दुकान बंद करण्याआधी त्यावर सिनेमा करू या म्हटल्यावर ती महिनाभर नाही नाही म्हणत होती. शेवटी तयार झाली ती एका बोलीवर. "लाल दिवा लागला की मी शिंपीणबाई, विझला की तुमची आई. मग मी काय बोलेन ते तुमच्यात राहील." तू तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणालास. मला तेव्हा हसू आलं होतं.

ती गप्प बसली नाही. काजं करता करता बोलायला लागली. आपण शाळेत असताना, घर सोडून गेलेले बाबा एकदा परत आले होते. दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. आईने मशीन थांबवलं नाही. त्यांना विचारलं, "काही शिवायचंय का? नसेल तर गिऱ्हाइकांना वाट द्या." ते थोडा वेळ थांबले आणि गेले. आपल्याला मात्र ती सांगत राहिली की ते कधी फिरकलेच नाहीत. मग मला म्हणाली, "दादाला सांगू नकोस. तो मला माफ करणार नाही."

मी नाही सांगितलं. घरी जाऊन आधी तो आवाज पुसला. पुन्हा ऐकलासुद्धा नाही. त्यामुळे तुला पाठवायला माझ्याकडे काही नाही.

मग सिनेमा पहिल्यांदा दाखवला त्या संध्याकाळी हॉलमध्ये, आईची सगळी जुनी गिऱ्हाइकं, शेजारीपाजारी, वहिनीच्या माहेरची माणसं बसलेली असताना, शेवटी आईचा चेहरा आला आणि ती बोलायला लागली. मला शब्द कळायच्या आधी आवाज कळला. डब्यातला आवाज. माझ्या रेकॉर्डरचा नव्हे, कॅमेऱ्याच्या माइकचा. म्हणजे कॅमेरा चालू होता. आई माझ्या शेजारी होती, तिने पदर तोंडावर घेतला आणि दिवे लागेपर्यंत काढला नाही.

नंतर कॅमेरा तू माझ्याकडे ठेवायला दिलास, तेव्हा मी बघितलं. लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होतीस. पट्टी काढलीस, पण चिकटा तसाच राहिलाय. आरशात दिवा चमकतो म्हणून लावली असं मला सांगू नकोस. त्या दुपारी कॅमेरा आरशाकडे नव्हताच. आई मनातलं बोलत नाही, एकटी सोडली की बोलेल, असा तुझा हिशेब होता. बरोबर निघाला. केसाने गळा कापलास, दादा. तिचाही आणि माझाही.

तुला ते ऐकून काय झालं असेल, ते मला कळत नाही असं समजू नकोस. बाबांची वाट तू बघितलीस, मी नाही. मला त्यांचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. आईने तुला फसवलं. तू जाऊन तिच्याशी भांडायचं होतंस, ताट भिरकावायचं होतंस, मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते. पण तू घरी येऊन गप्प बसलास, महिनोन्महिने ते जोडत राहिलास, संगीत घातलंस, आणि तिला नवीन साडी नेसवून पहिल्या रांगेत बसवलंस.

खरं तर एवढंच असतं तर मी गिळून टाकलं असतं. रागाने दोन वर्षं बोलले नसते आणि मग बोलले असते.

आईला वाटतं, ते मी केलं, तू गेल्यावर कॅमेरा चालू केला आणि तिची हरकत नाही असं तुला सांगितलं. त्या दुपारी खोलीत मीच होते, हेडफोन माझ्याच कानाला होता, तू निघालास तेव्हा दिवा विझलेला तिने स्वतः बघितला होता. तू तर बॅटरी आणायला गेला होतास. हॉलमधून बाहेर पडताना तिने तुझा हात धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला विश्वासाने सांगितलं होतं." तू ऐकलंस. तू चपला शोधत होतास.

तेव्हापासून रविवारी मी तिच्याकडे जाते. ती दार उघडते, जेवायला वाढते, सर्दीला काढा देते. पण दारातच विचारते, पिशवीत काय आहे? मी पिशवी उलटी करून दाखवते. रुमाल, किल्ल्या, डबा. फोन बाहेर चपलांपाशी ठेवते. मग ती आत येऊ देते आणि आम्ही हवेविषयी बोलतो. जे कुणाला सांगायचं नाही ते ती मलाच सांगायची, दादा. तेवढं एक माझं होतं.

मी तिला खरं सांगू शकते. चिकटा दाखवला की तिला कळेल. दोनदा कॅमेरा घेऊन निघालेसुद्धा, आणि कोपऱ्यावरून परत आले. परवा ती म्हणाली, "एक पोर तरी माझ्याशी सरळ वागलं." आता तिच्याकडून तेवढंही काढून घेऊ का? माझ्याच्याने होत नाही. ती म्हातारी झालीय रे.

म्हणून मी सांगणार नाही. महोत्सवाला तो प्रसंग ठेव, काढ, तुझ्या मनाला येईल ते कर. कॅमेरा नवा घे, जुना घे. पण तिला सांगायचं असेल तर तुलाच सांगावं लागेल, आणि नाही सांगितलंस तरी ती तुझ्यावर माया करतच राहील. तुझं काही बिघडणार नाही. ते तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू गप्प आहेस.

वहिनीला नमस्कार.

दर रविवारी तुझ्याऐवजी पिशवी उलटी करणारी,
तुझी धाकटी