डबी उघडली

२ मार्च

डबी बंद पडली! यांची गाण्यांची डबी. सकाळी चाक फिरवलं तर आतून टक टक टक, आणि पडद्यावर अंधार. हे कानाशी धरून बसले, मग माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "गेली." बस. म्हातारा एका शब्दात दुखवटा आटोपतो.

एरवी मी म्हटलं असतं, बरं झालं, आता जरा माझं ऐका. पण पंधरा दिवसांवर यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. डावा डोळा कधीचाच गेलेला, आता उजव्याच्या आतल्या पडद्याला भोक पडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नंतर आठवडाभर पालथं पडून राहायचं, मान खालीच, जेवतानासुद्धा. मोबाइलची गुळगुळीत काच यांना दिसत नाही, बोट ठेवणार कुठे? डबीचं चाक मात्र अंधारातही चालतं. आयुष्यभर जमवलेल्या कॅसेटींमधली गाणी यांनी तिच्यात भरलीत. "गाणी असतील तर पडून राहीन," म्हणाले — तेव्हा कुठे ऑपरेशनला हो म्हटलंय.

मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून सूनबाई लिहितेय. तिला ताकीद दिली आहे — हात तुझा, तोंड माझं. मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही.

३ मार्च

आता एक सांगते, सूनबाई, पेन खाली ठेवायचं नाही. परवा डबी कुरकुरत होती. कानातली वायर खुपसतात त्या भोकात मी तेलाचा थेंब सोडला. शिलाई मशीनचं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले. जे कुरकुरलं त्याला तेल दिलं आणि ते गप्प झालं. हीसुद्धा गप्पच झाली!

ठेवलंन पेन खाली. तोंडावर पदर धरून बसली होती. हसत होती की रडत होती, कोण जाणे.

४ मार्च

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने डबी हातात घेतली, उलटी केली, परत दिली. "आजी, ही आता कोणी उघडत नाही. टाकून द्या." माझ्याकडे बघून म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

५ मार्च

सूनबाईने फोनवरच्या व्हिडिओत एक माणूस शोधला. तोंड दिसतच नाही, नुसते हात. नखं खाल्लेली. समोर अगदी आपल्यासारखी डबी! तो फटीत पातळ पट्टी सरकवतो आणि पाठ अलगद सोडवतो, जशी आपण जुनी शिवण उसवतो. आत एक चकती, तिच्यावर सगळी गाणी. ती फिरते, म्हणून गाणी वाजतात. म्हातारी झाली की टकटकते. तो ती उचलतो आणि तिच्या जागी एक कार्ड बसवतो. झालं!

बोलत होता ते सूनबाईला अर्धंमुर्धं कळलं. मला सगळं कळलं. कुठला कोण तो, समुद्रापलीकडचा असेल, आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातांशी बोलत होता.

"आई, हे कोणाकडून करून घ्यायचं?"
"तुझे हात खडू धरणारे. तू वाच, मी उघडते."
"तुम्ही?"
"का? तेल मी घातलं, निस्तरणार पण मीच."

यांना सांगितलं, दुरुस्तीला दिलीय.
"कारागीर बरा आहे का?"
"देखणा आहे," म्हटलं.

७ मार्च

डबी कॉम्प्युटरला जोडून ठेवली होती. मधूनच जागी व्हायची, चार गाणी द्यायची, पुन्हा डोळे मिटायची. सूनबाई शाळेतून येऊन तशीच पाठीशी बसली. शेवटी बहुतेक सगळी उतरली. मग एकदा टक् झालं, आणि संपलं. जाताना सगळं देऊन गेली बिचारी.

१० मार्च

कार्ड आलं. अंगठ्याच्या नखाएवढं! तळहातावर ठेवलं तर वजनच लागेना. फुंकर मारली असती तर उडालं असतं, म्हणून श्वास धरून बसले.

"यांची सगळी गाणी ह्यात?"
"सगळी. आणि ती एका कोपऱ्यात मावतील."
"आणि बाकीचं?"
"रिकामं. पूर्ण भरलं ना, तर सहा महिने रात्रंदिवस वाजेल, एकही गाणं पुन्हा न लागता."

मी कापडाचा तुकडा कधी वाया घालवला नाही. चिंध्यांतूनसुद्धा उशी निघते, इतकी जागेची हावरट बाई मी. पण एवढ्याशात एवढं? ज्याने हे बेतलं, त्याची कात्री बघायची होती मला.

सूनबाई म्हणते, कात्री नसते आई. असेल. तिला दिसली नसेल.

१२ मार्च

उघडली! हे दुपारचे झोपले होते. सूनबाई वाचते, मी सरकवते. मोबाइलवाल्याला न उघडणारी पाठ आधी हूं की चूं करीना. मग कडेचा पहिला आकडा सुटला, आणि एकामागून एक सगळे, झंपराच्या हुकांसारखे. "थांबा! ओढू नका! आत दोन पट्ट्या जोडलेल्या आहेत." थांबले. खरंच, नाडीसारख्या दोन पट्ट्या, कागदाहून पातळ. ओढल्या असत्या तर कारागिराची अब्रू गेली असती.

पाठीला आतून माझं तेल. चकचकीत!

चकती कडेकोट बंद होती, तिच्यात थेंबही गेला नव्हता. सूनबाई म्हणाली, "आई, ती तुमच्या तेलाने गेली नाही. वयाने गेली." मी उठून पाणी प्यायले. तेल मात्र स्पिरिटने पुसावं लागलं.

जुनी चकती जड होती, थंड. तिच्या जागी कार्ड ठेवलं तर भोवती मोकळं मैदान. आत खुळखुळेल म्हणून खांद्याला लावायचा स्पंज कापून बसवला. हे मात्र त्या नखं खाणाऱ्याने दाखवलं नव्हतं.

१३ मार्च

चालू केली. पडद्यावर लाल फुली!

हे मला वाचता आलं. सूनबाईआधी.

ऑपरेशन दारात येऊन उभं, आणि ही अशी. पुन्हा उघडली. बघते तर ती पातळ पट्टी खाचेत तिरकी गेली होती. पँटीची चेन तिरकी चढली की पुढे सरकते का? बाहेर काढली, सरळ धरली, खटका दाबला. पुन्हा चालू केली.

उजेड!

आणि आत काहीच फिरत नव्हतं. कान लावला तर घरघर नाही, टकटक नाही. सूनबाईने गाणी भरली, एक लावलं. बाई, पेटी, तबला, टाळ्या वाजवणारी माणसं, सगळी त्या नखातून बाहेर येत होती, आणि आत काही हलत नव्हतं! देवघरासमोरही मी इतकी गप्प कधी उभी राहिले नसेन.

१४ मार्च

यांना दिली. चाक फिरवलं, ऐकलं. "हलकी झालीय. तुझा कारागीर हुशार दिसतो." म्हटलं, देखणाही आहे, सांगितलं होतं ना!

१७ मार्च

ऑपरेशन झालं.

१९ मार्च

हे पालथे. खाटेच्या टोकाला तोंड, खाली जमीन, कानात डबी. मी जमिनीवर बसून भरवते. बत्तीस वर्षांची सून बघत असताना नवऱ्याला घास भरवायची वेळ आली, दोघंही लाजलो. डोळ्यात गॅसचा फुगा सोडलाय, तो पडद्याला टेकून राहायला हवा म्हणून मान खाली. फुगा आहे तोवर काही दिसायचं नाही.

"अगं, किती गाणी आहेत हिच्यात? संपतच नाहीत."
"संपणार नाहीत. तुम्ही निवांत पडा."

२४ मार्च

मान वर करायची परवानगी मिळाली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "फुगा विरायला महिना-दोन महिने. मग किती दिसतं ते कळेल. आत्ता काही सांगता येत नाही." हे हो हो म्हणाले. येताना रिक्षात एकही गाणं लावलं नाही.

२ एप्रिल

आज यांनी विचारलं, खिडकी कुठे आहे.

९ एप्रिल

वायरीचा एक बोळा यांच्या कानात, एक माझ्या. दुपारभर. कार्डातली रिकामी जागा किती मोठी असेल, तेच मनात येत राहिलं.

२३ एप्रिल

म्हणतात, खालच्या बाजूला काहीतरी डुचमळतंय, वरती उजेड आहे. मी हात हलवला. "हललं काहीतरी." माझा हात आणि काहीतरी! पण भांडले नाही. सूनबाई, लिही — भांडले नाही.

१९ मे

सूनबाई चार दिवस बाहेरगावी. आज मी सांगतेय आणि लिहितायत हे. नाक वहीला टेकलंय, अक्षरं बोराएवढी, दोन ओळी एकमेकींवर चढल्यात म्हणे. पण लिहितायत. "हळू सांग गं, पळतेस कुठे?" मला रडू आलं, तर तेही लिहितायत. अहो, ते नका लिहू —