सुभेदाराची नडगी

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून कान उपटायचे असतील तर भेटल्यावर उपट. फोनचा काही उपयोग नाही. तू ‘काय? काय?’ करतोस, मी ओरडते, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलींना आपल्या घरातलं सगळं कळतं. यंत्रांच्या घरघरीने तुझे कान नेले, तेव्हापासून आपली भांडणंसुद्धा पोस्टानेच चालतात.

तू विचारलंस, मी दिवसभर नेमकं करते तरी काय. एक प्रकारचं प्लास्टिक असतं, शरीरात हळूहळू विरघळून जाणारं. त्याचा पाक करायचा, त्यात औषध मिसळायचं. तो इंजेक्शनच्या सुईतून सोडायचा आणि सुईला विजेचा जबर दाब द्यायचा. मग टोकातून केसाहून कितीतरी बारीक धागा निघतो आणि समोर फिरणाऱ्या पिंपावर गुंडाळला जातो. शेवटी हातात येतो कापसासारखा पांढरा पापुद्रा. हवा दमट असली की धाग्यात मणी पडतात आणि सगळी मेहनत पाण्यात. हा पापुद्रा हाडाच्या फटीत भरला की हाडाच्या पेशी त्याच्यावर चढतात, हाड भरत येतं, धागा विरघळतो, आणि तोवर औषध थोडं थोडं झिरपून पू होऊ देत नाही. इतके दिवस सगळं औषध सुरुवातीलाच सांडायचं, तिथेच गाडं अडायचं. आता ते जमलं आहे.

आणि बातमी म्हणजे, आमचा सुभेदार काल पायावर भार देऊन उभा राहिला! चांगली मोठी फट होती त्याच्या नडगीत. एक्स-रेमध्ये हाड दोन्ही बाजूंनी सरकत आलंय. आमचे सर हसायलासुद्धा परवानगी मागतील असे, त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

तुझ्या पायाचं काय? वहिनींपासून लपवून का होईना, पण मला खरं लिही. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

२० जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मला एवढंच कळलं की तू हाडाला परांची बांधतेस. गवंडी भिंत चढवेपर्यंत मी बांबू बांधून देतो, भिंत झाली की सोडतो. तुझे बांबू आपणहून विरघळतात, सोडायला माणूस नको. म्हणजे माझ्या पोटावर पाय तूच देणार. परांचीवरून पडून मोडलेल्या पायात पुन्हा परांचीच, असं तुझ्या वहिनीला म्हणालो तर तिने पळी उगारली.

आता खरं लिहितो. नडगीतला पू हटत नाही. बाहेरून सळ्या ठोकून झाल्या, आतून खरवडून झालं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं, गुडघा शाबूत आहे तोवर पाय गुडघ्याखाली काढू. तारीखही दिली. नेमकं तेव्हाच तुझं पत्र आलं. मी डॉक्टरांना सांगून टाकलं, माझ्या बहिणीच्या लॅबमधला सुभेदार पायावर उभा राहिला, मग मीच काय घोडं मारलंय? ते बराच वेळ काहीतरी बोलत होते, पण माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे. मी मान हलवली आणि तारीख रद्द करून आलो. तुझ्या वहिनीला सांगितलं, धाकटीने सगळी सोय केली आहे. तुला लगेच कळवलं नाही, कारण तू जिवाचा आटापिटा करशील. म्हटलं, नीट जमू दे तुझं काम.

पिशवी भरून ठेवली आहे. ताप येतो-जातो, गुडघा जरा सुजलाय, त्याचं काही नाही. सुभेदाराला माझा नमस्कार सांग. त्याला विचार, शिडी चढताना कळ येते का. मिलिटरीतला गडी, त्याचं हाड मुळातच दणकट असणार, पण मीही काही लेचापेचा नाही. कधी येऊ ते कळव. तुझी वहिनी आठवण काढते, अर्थात रागावूनच.

तुझा,
दादा

२४ जुलै

दादा,
नमस्कार. नीट मायना लिहायला हात चालत नाही.

सुभेदार ससा आहे.

पांढरा ससा. मिशा जाड आहेत आणि पिंजऱ्यात छाती काढून बसतो म्हणून आम्ही त्याला सुभेदार म्हणतो. रोज त्यांच्यातच वावरते ना, मला वाटलं तुलाही ठाऊक आहे. माणसाच्या पायात आमचे धागे अजून कुणी घातलेले नाहीत. सुभेदाराबरोबरच्या बाकीच्या सशांची हाडं भरलीच नाहीत, हे मी लिहिलं नव्हतं, कारण मला तुला आनंदाची बातमी द्यायची होती. माणसापर्यंत यायला अजून कित्येक वर्षं जातील. सुभेदारालासुद्धा आता मारून, त्याचं हाड कापून आत काय झालंय ते बघायचं आहे.

सरांकडे जाऊन रडले. ते एवढंच म्हणाले की सख्ख्या भावावर प्रयोग करणार आहेस का. मी नाही म्हटलं. पण टेबलाशी परत आल्यावर एक पापुद्रा डबीत घालून पर्समध्ये टाकला होता, दादा. मग काढून ठेवला. ठेवला ते चांगलं केलं की वाईट, मला अजून कळत नाही.

वहिनींना आत्ताच फोन केलाय. पण माझं अक्षर बघितल्याशिवाय तू कुणाचं ऐकत नाहीस म्हणून लिहिते. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू दवाखान्यात असायला हवास. पाय जाऊ दे, दादा. गुडघा तेवढा राहू दे. पाया पडते.

धाकटी

९ ऑगस्ट

प्रिय ताईंस,
नमस्कार.

तुमचे दादा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. तुमचा फोन आला त्याच संध्याकाळी आम्ही दवाखाना गाठला, पण पू गुडघ्यात शिरला होता. पाय मांडीतून काढावा लागला. ताप उतरलाय, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, गुडघा असता तर नकली पायावर पुन्हा कामाला उभे राहिले असते. आता परांची विसरा म्हणाले.

आधी मला तुमचा फार राग आला. भांडी आपटत मनातल्या मनात तुम्हाला वाटेल ते बोलले. मग मधले दिवस आठवले. सकाळ झाली की हे पोस्टमनची वाट बघायचे. सुभेदारासमोर गबाळं दिसायला नको म्हणून एक शर्ट इस्त्री करून ठेवायला लावला. शेजाऱ्यांना सांगत सुटले होते की माझी खाट सुभेदाराच्या शेजारीच असणार. पडल्यापासून एवढे खूश मी त्यांना पाहिले नव्हते. ते दिवसही तुमच्यामुळेच आले, मग राग धरायचा कुठे ते कळेना.

तुमचं पत्र त्यांनी दवाखान्यात वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तुम्ही लिहीत राहा. कीव दिसेल असं मात्र लिहू नका, त्यांना लगेच कळतं. लोभ होता तसाच आहे.

तुमची,
वहिनी

२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं आली. सगळ्यांत तेच रडगाणं, म्हणून उत्तर दिलं नाही. आता लिहितो ते नीट वाच आणि पुन्हा हा विषय काढू नकोस.

सुभेदार ससा आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्या दिवशीच सांगितलं होतं की असले प्रयोग जनावरांवर चालतात. मला पाय द्यायचा नव्हता, बस. भ्यालो होतो. बायकोसमोर भ्यालो म्हणायची लाज वाटली म्हणून तुझ्या पत्राचा आडोसा घेतला. तुला लिहिली ती थट्टा होती. तुला कळली नाही, कारण शिकून शिकून तुझी अक्कल त्या धाग्याएवढी बारीक झाली आहे. गुडघा गेला तो माझ्या हट्टापायी. तुझा त्याच्याशी संबंध नाही.

तू नोकरी सोडायचं म्हणतेस असं तुझी वहिनी सांगत होती. सोडलीस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. मुकादमाने खाली बसून दोर कापायचं काम देऊ केलंय, बघू. जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

७ सप्टेंबर

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. त्याला आधीपासून ठाऊक होतं म्हणे, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. वाचून क्षणभर मी अगदी मोकळी झाले. मग आठवलं, की कानाशी ओरडलेलं ज्याला ऐकू येत नाही, त्याने डॉक्टरांचं बरं ऐकलं! आणि ज्याला ससा ठाऊक आहे, तो त्याच्यासाठी शर्टाला इस्त्री करून घेत नाही. वहिनी, दादाला जन्मात एक थाप धड मारता आली नाही. हीसुद्धा आलेली नाही. खूप रडले.

मी त्याला उत्तर पाठवलंय. लिहिलंय, की बरं झालं सांगितलंस, मला उगाच इतके दिवस घोर लावलास, आणि मी कामावर परत जाते आहे. त्याचा विश्वास बसावा म्हणून भरपूर शिव्याही घातल्या आहेत. तो वाचत असेल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा, आणि त्याला बरं वाटलं का, एवढं मला कळवा.

हे पत्र मात्र त्याच्या हाती लागू देऊ नका. पाय गेला, धंदा गेला. धाकटीला आपण वाचवलं, एवढंच आता त्याच्याकडे उरलंय.

माझी लायकी नसली तरी लोभ असू द्यावा.

आपली,
धाकटी