टाईप करताना वगळलेल्या ओळी

सान विसेंते, इलोइलो, फिलिपिन्स
९ मार्च २००४

प्रिय लिदिया,

सलाम. तुझं नाताळचं कार्ड पोचलं. तीन ओळी होत्या, म्हणजे यंदा एक जास्त. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. आंब्याला मोहोर बरा आलाय.

बातमी अशी की आपल्या मंडळीचं बेथेल कॉमर्स कॉलेज महिनाअखेरीस बंद होतंय. शेवटच्या वर्गात अकरा मुली. सगळ्यांना कॉम्प्युटर शिकायचाय आणि कॉलेजात चार आहेत, त्यातला एक चालतो. निरोपाची एक पुस्तिका निघणार आहे आणि तिच्यातला कॉलेजचा इतिहास माझ्या गळ्यात पडलाय. नवे पाळक म्हणाले, "दोर्कासबाई, जुन्या सभांच्या वह्या शॉर्टहँडमध्ये आहेत. तुमच्याशिवाय त्या वाचणारं उरलंय कोण?"

सुरुवात सोपी गेली. युद्ध संपल्यावर चर्चच्या मागच्या ओसरीत, सैनिक टाकून गेलेल्या सहा टाइपरायटरांवर वर्ग भरला. एकाची घंटी वाजत नसे, म्हणून ओळ संपली की मुलगीच तोंडाने 'टिंग' म्हणे. पुढे दुमजली इमारत झाली. साखर कारखान्याच्या कचेरीत आपल्याच मुली घेत. त्या चुका करत नाहीत आणि नाचत नाहीत, अशी ख्याती होती.

मग १९६९ची वही उघडली.

तुला सांगायला नको. प्रमाणपत्राला एक महिना उरला होता, कारखान्यात तुझी खुर्ची ठरली होती, आणि गावच्या फिएस्टात, संताच्या जत्रेत, तू चौकात नाचलीस. प्रभुभोजनाआधीच्या शनिवारी सभा भरली. आपल्या रिवाजाप्रमाणे ज्याने जे पाहिलं, ते त्याने उभं राहून सांगायचं. टाईप केलेल्या प्रतीत 'एका भगिनीने साक्ष दिली' एवढंच आहे. तुझं नाव कॉलेजातून काढलं आणि तू दूर दावाव शहरात निघून गेलीस. तुला वाटलं, ती भगिनी म्हणजे तेव्हाच्या पाळकीणबाई. आईच्या मातीला आलीस, तेव्हा त्यांनी पुढे केलेला हातही तू घेतला नाहीस.

टाईप मी केलं होतं. वहीत सगळं आहे. पाळकीणबाईंचे शब्द असे: "अठरा वर्षांची पोर ती. देवाने पाय दिलेत, बँड वाजला तर हलणारच. एवढ्यावरून तिचं आयुष्य कशाला नासवता?" त्यावर कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही खाली बसा."

त्याच्या वरच्या ओळीत साक्ष देणाऱ्या भगिनीचं नाव आहे. दोर्कास पालमारेस, सभेची चिटणीस. उभी राहून बोलले, मग खाली बसून स्वतःचंच बोलणं लिहून घेतलं.

मी चौकात काय करत होते, हे कुणी विचारलं नाही. भाताच्या वड्या विकणारीच्या मागे तासभर उभी होते. कुणी बोलावलं असतं तर मीही नाचले असते. तू हसत होतीस, लिदिया. मला तुझा हेवा वाटला. धर्माबिर्माचं त्यात काही नव्हतं.

परवा पाळकीणबाईंकडे गेले. शहाऐंशीच्या आहेत, कान तिखट आहेत. विचारलं, "तुम्ही तिला खरं का नाही सांगितलंत?"

"अगं, तिला तू एकच बहीण. माझ्यावर रुसून तिचं काय अडणार होतं? घे, केळं खा."

मी केळं खाल्लं.

पाळक म्हणत होते, "बाई, हे पान गाळा. निरोपाच्या पुस्तिकेत जुनं उकरायला कशाला हवं?" मी म्हटलं, मग वह्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. दोन्ही ओळी नावांसकट काल छापखान्यात गेल्या. त्या पानाची एक प्रत सोबत पाठवते आहे.

कार्यक्रम अठ्ठावीस तारखेला, उपासनेनंतर. पाळकीणबाई पुढच्या बाकावर असतील. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. त्यांचा हात मात्र घे.

तुझी ताई, आणि त्या सभेतली 'एक भगिनी',
दोर्कास