फ्रीजच्या वाट्याची वीज

३ मार्च, सकाळी ७
गावाबाहेरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. इथे विजेची लाइन नाही; छतावर माझी दोन सोलर पॅनेल्स आहेत. बायकोची अट एकच: तिच्या आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये आठ दिवस गार राहिलं, तर कायमचं इथे यायचं. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मान्य केलं.

दुपारी
पॅनेल्स दिवसाला २४०० वॉट-तास देतील. फ्रीज ७२०, पंखे ६००, दिवे १८०, पंप ६०, मोबाइल ५०. एकूण १६१०. ७९० शिल्लक. बेरीज दोनदा तपासली. बॅटरीवर नजर ठेवायला लॅपटॉप आणि मोठा स्क्रीन लावून ठेवला. तक्ता फ्रीजवर लावून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सासूबाईंनी चष्मा नसल्याने न वाचताच सही केली. वाचून दाखवायला हवं होतं का?

५ मार्च
सकाळी बॅटरी सत्तर टक्के हवी होती. शेहेचाळीस. कोणीतरी चोरून वीज वापरतंय. घरात माझ्याशिवाय तीनच माणसं. संशय घेणं बरं नव्हे. तरी कन्येची बॅग पाहिली. हेअर ड्रायर सापडला. म्हणाली, बाबा, घरून निघायच्या आधी त्याचा प्लग तुम्हीच कापलाय. खरं आहे. माफी मागितली.

सासूबाई आणि बायको मात्र रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला जातात. इथली हवा मानवली.

६ मार्च
पस्तीस. स्क्रीनसमोरून न उठता दिवसभर बॅटरीवर नजर ठेवली. दर मिनिटाला नोंद. चोर सापडेना. बायकोला मिक्सरबद्दल विचारलं. म्हणाली, मिक्सर माझ्या डोक्यात फिरतोय, त्याचे वॉट लिहून घे.

७ मार्च
सव्वीस. पंखे बंद करवले. सासूबाई पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाल्या, आमचं चाललंय हो, जावईबापू, तुम्ही आधी दोन घास खाऊन घ्या. वाईट वाटलं. पण त्यांच्याच औषधासाठी चाललंय सगळं. देखरेख सोळा तासांवर नेली.

८ मार्च, सकाळी ६
फ्रीज बंद पडला. इन्सुलिनचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळायला काढला, तर हाताला हलका लागला. उघडला. रिकामा.

बायकोने शांतपणे सांगितलं की बाटल्या पहिल्या दिवसापासून खालच्या वस्तीतल्या नर्सबाईंच्या फ्रीजमध्ये आहेत. तिथे लाइन आहे. माझ्या आईचा जीव तुझ्या बेरजेवर टांगून ठेवू का, म्हणाली. फिरायला जाणं म्हणजे ते होतं तर. कन्येलाही माहीत होतं. सासूबाईंना विचारलं, निदान तुम्ही तरी सांगायचं. म्हणाल्या, तुम्ही इतकं जिवापाड राखत होता, सांगवेना.

पाच दिवस मी रिकाम्या डब्यावर पहारा दिला. आणि एकाही माणसाचा माझ्यावर विश्वास नव्हता. सह्या मात्र सगळ्यांच्या आहेत.

संध्याकाळी
तक्त्याखाली कन्येने पेन्सिलीने एक ओळ वाढवली आहे: बाबांची देखरेख, ९५ वॉट, १६ तास, १५२०. देखरेख हा लोड नसतो, असं सांगणार होतो. आधी बेरीज तपासली. ३१३०. पॅनेल्स देतात २४००. बरोबर आहे. खाली सही केली.

बॅगा भरून झाल्या. उद्या परत. वाटेत नर्सबाईंकडे बाटल्या घ्यायला थांबायचं आहे. तेवढ्यात लॅपटॉप चार्ज करून घेईन.