चीनच्या भिंतीवरचं गवत

मदिनत खलीफा, दोहा
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप श्रीपतीदादांस,

सुशांतचा साष्टांग नमस्कार. (अलंकारिक नाही. खरोखर आडवा पडून लिहितोय, कारण ओघात येईल.) लतावहिनींचा खांदा आता कसा आहे? शेकायला सांगितलं होतं ते शेकतात का, की नुसतंच सगळ्यांना सांगतात? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. त्यावर विश्वास ठेवायची पद्धत नाही, हे तुम्हीही जाणता. मोनालीची परीक्षा संपली. ती मामाला नमस्कार सांगते, पण इंग्रजीत, म्हणून तो इथे लिहीत नाही.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून दचकू नका. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही आणि माझं आजचं वाक्य लांब आहे. शिवाय आपला किसन (मेसईदला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे तो, बसस्टँडमागच्या आळीतला) रविवारी सुट्टीवर भोरला निघालाय. पत्र त्याच्या हाती देतोय. त्याने ते वाटेत वाचलं तरी चालेल. गावात कळायचं ते त्याच्याच तोंडून कळणार आहे.

तर दादा, विषय बाबांचा. मागच्या वर्षी रोहिडा गडावरून उतरताना बाबा घसरले, मनगट मोडलं. तुम्ही त्यांची काठी, दोर, खुरपं आणि ती तळ झिजलेली बूटजोडी लोखंडी पेटीत घातलीत, कुलूप ठोकलंत आणि किल्ली आपल्या कपाटात ठेवलीत. मग जगात चढ नसलेला देश शोधलात. तिथेच नेमकी तुमची बहीण राजश्री नांदते, हा माझ्या पत्रिकेतला योग. संक्रांतीनंतर बाबांना विमानात बसवताना तुम्ही मला फोनवर बजावलंत की बाबांना एक पायरीसुद्धा चढू द्यायची नाही. मीही शब्द दिला. कतारमध्ये पायरी आहे कुठे, असं वाटलं होतं.

पण एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर आणि चाळीस वर्षं सुट्टीच्या दिवशी गडावरचं गवत उपटणारा माणूस रिकामा बसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला सांगितलं नाहीत. पहिल्या आठवड्यात ते मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर उलट्या दिशेने चढताना सापडले. दुसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीचा वॉचमन रहमान मला ऑफिसात फोन करून म्हणाला, बडे साब पानी की टंकी पे हैं. (त्याच रहमानने त्यांना 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे पुरे, हे शिकवलंय. सकाळी मला उठवायला पहिला शब्द वापरतात आणि राजश्रीच्या उपम्याला दुसरा.) शेवटी एका शुक्रवारी आम्ही अल रुवैसला मासळी आणायला गेलो, तेव्हा पुढे जाऊन त्यांना इथला एक जुना किल्लाही दाखवला. सपाट वाळूत चार भिंती. बाबा चार मिनिटांत फेरी मारून आले आणि गाडीत जाऊन बसले. घरी आलो. मग एवढंच विचारलं, "जावईबापू, ह्याला चढण न्हाई?"

तेव्हापासून ते खिडकीशी बसायला लागले. आम्हाला बरं वाटलं. घरात शांतता आली म्हणून बरं वाटलं, हे आता लिहिताना लाज वाटते.

तेवढ्यात मेसईदच्या प्लँटसाठी चीनमध्ये बनलेले व्हॉल्व्ह तपासायला कंपनीने मला बीजिंगला पाठवायचं ठरवलं. राजश्री म्हणाली, बाबांना ने बरोबर, तेवढाच बदल. व्हिसासाठी मी चार चकरा मारल्या, पाचवी बाबांनी मारली आणि व्हिसा मिळाला. काम तीन दिवसांत उरकलं आणि चौथ्या दिवसासाठी मी 'खाजगी मार्गदर्शित सहल' ठरवली. आपली गाडी, आपला ड्रायव्हर, आपली गाइड. सकाळी राजवाडा, दुपारी भिंत, संध्याकाळी हॉटेल. खाजगीच का, तर गर्दी नको, दगदग नको आणि बाबा माझ्या नजरेसमोर राहावेत. भिंतीवर रोपवेच्या पाळण्यातून वर जायचं, दहा पावलं चालायचं, फोटो काढायचा आणि पाळण्यातूनच खाली यायचं. पायरीचा प्रश्नच नाही. तुम्हाला दिलेला शब्द मी एवढ्या बारकाईने पाळत होतो, याची कृपया नोंद घ्यावी.

गाइडचं नाव फांग. पोरगी गोड, इंग्रजी स्वच्छ, पण सगळं पाठ केलेलं. मध्ये कोणी बोललं की तिला पुन्हा त्या राजघराण्याच्या मूळ पुरुषापासून सुरुवात करावी लागे. आणि बाबा मध्ये बोलल्याशिवाय राहतात का? तो मूळ पुरुष त्या दिवशी सहा वेळा गादीवर बसला. बाबांनी तिचा ताबा पहिल्याच थांब्यावर घेतला. गाडी सुटताना दर वेळी माणसं मोजायची. "ड्रायव्हर सोडून तीन. डबल." आणि दाराच्या काचेवर बोटाने दोन टकटक. दुपारपर्यंत चिनी ड्रायव्हर त्या टकटकीशिवाय गियर टाकीनासा झाला. (त्याला बाबांनी राजश्रीच्या दशमीबरोबर ठेचा दिला होता. डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने आणखी मागितला. त्यानंतर तो पूर्णपणे बाबांच्या बाजूला.)

राजवाड्याच्या दाराशी तपासणीत बाबांच्या कमरेजवळ यंत्र वाजलं. पुन्हा घातलं, पुन्हा वाजलं. बाबा शांतपणे म्हणाले, करदोट्याला देव बांधलाय. ते चिनीत कसं सांगायचं? फांगने काय सांगितलं कोण जाणे, त्या शिपायाने हात जोडून आत सोडलं. आत गेल्यावर बाबांनी पहिल्या मोठ्या दरवाज्याचा उंबरा हाताने शिवून कपाळाला लावला आणि त्यावर पाय न देता ओलांडला. मागे रांग तुंबली. पण फांग हरखली. त्यांच्याकडेही उंबऱ्यावर पाय देत नाहीत म्हणे. झालं, तिने पाठांतर सोडलं आणि बाबांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागली. प्रश्न कोणते, तर इथं पाण्याची सोय काय, चोरदरवाजा कुठे, इतक्या खोल्या झाडायला माणसं किती. सोन्याचं सिंहासन त्यांनी दारातून पाहिलं न पाहिलंसं केलं. पण आग विझवायला पाणी भरून ठेवायची जुने पितळी रांजण दिसले, तेव्हा प्रत्येकाला टिचकी मारून पाहिलं. दुभाष्या मी. ऊन माझ्या डोक्यावर, पाण्याची बाटली माझ्या हातात, आणि कौतुक सगळं बाबांचं.

आता भिंत. पाळण्यातून वर पोचलो इथवर माझी योजना बिनचूक होती. चूक एवढीच की ती भिंत डोंगराच्या कण्यावरून जाते आणि तिच्यावर सपाट असं दहा पावलं काही नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उतरल्या उतरल्या बाबांनी चिमूटभर धूळ कपाळाला लावली, छाती भरून श्वास घेतला आणि आपल्याकडे गडावर पोचल्यावर देतात ती गर्जना दिली. "जय भवानी!" मी फांगला सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर वरच्या बुरुजावरून आवाज आला, "जय शिवाजी!"

दादा, माझं नशीब पाहा. एवढी हजारो मैलांची भिंत, आणि नेमक्या त्याच वेळी, नेमक्या पुढच्याच बुरुजावर नाशिकचा महिला ग्रुप. दहा बायका, एकसारख्या भगव्या टोप्या. हाकेला ओ आली म्हटल्यावर बाबा थांबतात होय? मी "बाबा, पायरी!" म्हणेपर्यंत ते चाळीस पायऱ्या वर होते. ग्रुपच्या म्होरक्या विभावरीताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी बाबांना चिवडा दिला आणि गड किती केले ते विचारलं. हा प्रश्न बाबांना विचारू नये, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आणि तिथे बाबांना ते गवत दिसलं. भिंतीच्या विटांच्या सांध्यांत, चांगलं वीतभर वाढलेलं, मध्ये एक झुडूपही. बाबांचा चेहरा असा झाला की जणू घरातल्या माणसाच्या अंगावर जखम पाहिली. खाली बसले आणि उपटायला लागले. मी म्हटलं, बाबा, हा आपला गड नाही. तर म्हणाले, "गवताला काय ठावं, कुणाचा गड त्ये?" विभावरीताईंनी हे ऐकलं, पदर खोचला आणि आपल्या नऊजणींना कामाला लावलं. पाच मिनिटांत अकरा महाराष्ट्रीय माणसं चीनची भिंत निंदत होती. बाबा मधून फिरत सूचना देत होते की गवत ओढा पण झुडूप ओढू नका, मुळासकट वीट येईल. परदेशी लोक व्हिडिओ काढत होते. फांग कोपऱ्यात डोळे मिटून उभी होती. आणि मी, ज्याने तुम्हाला शब्द दिला होता तो, चिवड्याची पिशवी धरून.

शिट्टी वाजली. दोन रक्षक धावत आले. त्यांतला म्हातारा भयंकर चिडला होता आणि खरं सांगू, त्याचं बरोबर होतं. भिंतीची एक वीट, एक काडी हलवायची नाही, असा नियम असणार, असलाच पाहिजे. आपल्या गडावर कोणी चिनी येऊन निंदायला बसला असता तर बाबांनी त्याला काय केलं असतं? पण बाबा उठले, हात जोडले आणि त्या म्हाताऱ्याला हाताला धरून त्या झुडपाशी घेऊन गेले. बोटांनी दाखवलं की मूळ असं आत जाणार, वीट अशी सुटणार, पाणी असं शिरणार. भाषा कसलीच नाही. म्हातारा वाकला. बराच वेळ वाकून पाहिलं. मग फोन काढून झुडपाचा फोटो काढला आणि कोणाला तरी पाठवला. एवढं होऊनही माफीनामा लिहून द्यावा लागलाच. फांगने चिनीत लिहिला, बाबांनी खाली मराठीत सही केली: पोपटराव, निवृत्त वाहक, भोर आगार. उपटलेलं गवत जमा करायला सांगितलं, तर बाबांनी त्याची पेंढी वळून गवतानेच बांधून दिली. म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

या सगळ्यात पाळणा बंद झाला. शेवटचा पाळणा नाशिकच्या ग्रुपला घेऊन गेला. आम्ही माफीनाम्यात. खाली जायला उरल्या पायऱ्या. किती, ते मी मोजलं नाही, बाबांनी मोजल्या. एक हजार सातशे बारा. निम्म्यात एकाचा गुडघा गेला. कोणाचा ते लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. पायरीवर बसकण मारणं, आता मला इथेच सोडा म्हणणं, डोळ्यांतून पाणी, सगळं झालं. शेवटी खांद्याला खांदा देऊन, दर वीस पायऱ्यांना विसावा घेत खाली आलो. ड्रायव्हर दार उघडून उभा होता. "ड्रायव्हर सोडून तीन," बाबा म्हणाले. "डबल."

तर दादा, मी हरलो. तुमची अमानत मला सांभाळवत नाही. माझं वय, माझी नोकरी, माझा स्वभाव, काहीच या कामाचं नाही. बाबांचं पुढच्या महिन्याचं परतीचं तिकीट मी काढलंय. तुमचे वडील तुम्ही सांभाळा. रागावू नका, पण रागावलात तरी तिकीट बदलून मिळत नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि वहिनींच्या खांद्याला शेक.

आपला वैतागलेला
सुशांत

ता. क. राजश्रीने पत्र वाचलं. म्हणते, गुडघ्याचं नीट लिहा, नाहीतर मी लिहीन. बरं. गुडघा माझा होता. बसकण मी मारली. इथेच सोडा मी म्हटलं. एक्काहत्तर वर्षांच्या माणसाने सेहेचाळीस वर्षांच्या जावयाला खांदा देऊन खाली आणलं, आणि वाटेत मला हसू यावं म्हणून घाटात बंद पडलेल्या गाडीच्या गोष्टी सांगितल्या. डॉक्टर अफशांनी तीन आठवडे झोपून राहायला सांगितलंय. बाबा रोज सकाळी मिठाच्या पाण्याने गुडघा शेकतात आणि मला हॉलमध्ये चालवतात. आज अकरा पावलं झाली. डबल.

ता. क. दोन. हे राजश्रीला न दाखवता लिहितोय. दादा, ती पेटी उघडा. खुरप्याला तेल लावून ठेवा आणि बूट नवे घ्या. आई गेल्यापासून मी बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं, जसं त्या भिंतीवर पाहिलं. आपण त्यांना सपाटीवर आणून जपलं नाही, नुसतं ठेवून दिलं. पडण्याची भीती मलाही आहे. म्हणून दसऱ्याला मी येतोय, रोहिड्यावर त्यांच्या मागून चढणार आहे. (मागून, कारण पुढून मला जमणार नाही.) तुम्हीही चला. गवत तिघांचं आहे.

ता. क. शेवटचा. काल शेकताना बाबांच्या करदोट्याकडे लक्ष गेलं. चीनमध्ये यंत्र ज्यामुळे वाजलं, तो देव नाही. तुमच्या पेटीची दुसरी किल्ली आहे. तुम्ही कुलूप घातलंत त्या दिवसापासून ती त्यांच्याकडेच आहे. मी विचारलं, मग उघडली का नाही? माझा गुडघा चोळत म्हणाले, "शिरपतीनं काळजीनं लावलंय कुलूप. त्यानंच काढाय पायजे."