वातछाया ठेवायची की काढायची

४ फेब्रुवारी २००८

सांगळे सरांनी स्वतःचाच शब्द ज्ञानकोशात घुसवला! 'वातछाया'. कॉम्प्युटरच्या डब्यात पंखा फिरत असतो, पण रुंद केबलच्या आड वारा पोचत नाही आणि तिथला भाग तापत राहतो. ती जागा म्हणजे वातछाया. म्हणे. संदर्भ काय, तर सरांचंच पुस्तक, सरांनीच छापलेलं. बाकी सगळं इंटरनेट पालथं घातलं — हा शब्द कुठे म्हणून नाही.

इंटरनेटवरच्या या मराठी ज्ञानकोशाचं काम मी हौसेने करते, 'खोडरबर' या नावाने. कॉलेजात कोणाला पत्ता नाही. बिनबुडाचे लेख शोधायचे आणि काढून टाका म्हणून सुचवायचे. आज हा सुचवला. "एकाच माणसाने वापरलेला शब्द ज्ञानकोशात कशाला?" लिहून फार बरं वाटलं.

सांगळे सर आमचे विभागप्रमुख आहेत आणि मी अजून कंत्राटी आहे, हेही इथे लिहून ठेवते.

६ फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये सर भडकलेले. "कोण हा खोडरबर? पुण्याचा असणार. नाशिककरानं काही केलं की यांच्या पोटात दुखतं." मी चहाचे कप आवरायला घेतले.

शेजारच्या टेबलावरचा मयूर, माझ्यासारखाच कंत्राटी, हळूच म्हणाला, "विद्यापीठाच्या परिभाषा समितीवर जायचंय त्यांना. आपला शब्द ज्ञानकोशात आहे असं दाखवायला हा खटाटोप." असणारच. या माणसाचं एकही काम सरळ नसतं. गेल्या वर्षी माझ्या लॅबच्या नोट्स स्वतःच्या म्हणून वाटल्या होत्या.

७ फेब्रुवारी

हे काय होऊन बसलं.

सरांना मराठी टाइप करता येत नाही. लेख भाच्याने करून दिला होता, तो परत मुंबईला गेला. "मॅडम, तुमचं टायपिंग चांगलंय. त्या खोडरबरला उत्तर द्यायचंय. बसा."

बसले. सर सांगत गेले — अडाणी, मत्सरी, विघ्नसंतोषी. म्हटलं, "सर, असं लिहिलं तर तिथे कोणी वाचणार नाही."

"मग तुम्ही नीट करा."

नीट केलं. घरी येऊन खोडरबर म्हणून त्याला उत्तर दिलं. माझंच माझ्याशी भांडण, आणि दोन्हीकडे ह्रस्व-दीर्घ बिनचूक.

११ फेब्रुवारी

मनोजला सगळं सांगितलं. नवऱ्याने आपली बाजू घ्यावी, ही अपेक्षा. तो पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून दमून आलेला, द्राक्षांचा सीझन ऐन भरात. जेवता जेवता म्हणाला, "जूनमध्ये तू कायम होणार की नाही, ते त्या माणसाच्या हातात आहे. एका शब्दापायी नोकरी घालवतेस?"

"शब्दापायी नाही. नियमापायी."

"नियम देणार आहे का तुला पगार?"

भाजी खारट झाली होती, तेही त्याने सांगितलं नाही. इतका राग.

१४ फेब्रुवारी

आज पुढचं उत्तर सांगताना सर अडले. "कल्पना लोकांच्या गळी कशी उतरवायची?" मी गप्प राहिले असते तर संपलं असतं. पण माझं तोंड!

म्हटलं, "पर्जन्यछाया सांगा ना, सर. इगतपुरीला धो धो पडतो, आणि सिन्नरला येईपर्यंत ढग रिकामे. डोंगराच्या जागी केबल, पावसाच्या जागी वारा."

सरांनी टेबलावर थाप मारली. "हेच लिहा. असंच."

लिहिलं. घरी येताना द्वारका चौकात सिग्नलवर अडकले, तेव्हा स्वतःशी कबूल केलं — शब्द चांगला आहे. माणूस भिकार आणि शब्द चांगला. याचीच जास्त चीड येते.

१५ फेब्रुवारी

खोडरबरचं उत्तर: "उपमा सुंदर असली म्हणून ती पुरावा होत नाही." खरं आहे ते. काल खरं होतं, आजही आहे.

२० फेब्रुवारी

निकाल लागला. निकाल देणारे ज्येष्ठ संपादक सांगलीचे निवृत्त मास्तर आहेत. लिहितात — "संदर्भ अपुरे आहेत, हे खोडरबर यांचं म्हणणं बरोबर. परंतु सिन्नरचं उदाहरण वाचल्यावर या जागेला दुसरं नाव सुचेना. लेख राहू द्यावा."

हरले. माझ्याच वाक्याने मला आडवं केलं.

सरांनी पेढे वाटले. "झिजला बघा खोडरबर," असं सगळ्यांना सांगत फिरले. माझ्या हातावर दोन ठेवले, "टायपिंगचे." जाळ झाला नुसता अंगाचा. दोन्ही मयूरच्या टेबलावर ठेवून वर्गावर गेले. कोणाला काय शिकवलं, देव जाणे.

२१ फेब्रुवारी

लिहून टाकलं. ज्ञानकोशावर, खऱ्या नावाने. खोडरबर मीच, आणि सरांच्या नावाची उत्तरंही मीच लिहिलेली. सिन्नरचं उदाहरण माझं, पुस्तकात नाही. सबब निकाल पुन्हा तपासावा.

मनोजने वाचलं. "झालं समाधान?" एवढंच म्हणाला आणि गाडी घेऊन बाहेर पडला.

समाधान झालं नाही. भीती वाटतेय.

२३ फेब्रुवारी

सकाळी सांगलीच्या मास्तरांनी लेख काढला. दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं.

"पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं मी. इतकं शुद्ध भांडणारं आपल्या कॉलेजात दुसरं कोण आहे?" मग चष्मा काढून पुसत बसले. "समितीसाठी माझ्याऐवजी तुमचं नाव कळवलंय. तिथे 'नाही' म्हणणारं माणूस लागतं. मला ते कधी जमलं नाही."